औद्योगिक जाळ्यांतील उपकरणांच्या सुरक्षा त्रुटी

औद्योगिक जाळ्यांतील उपकरणांच्या सुरक्षा त्रुटी म्हणजे कारखाने, वीज उपकेंद्रे, पाणीपुरवठा योजना, रेल्वे, बंदरे इत्यादी ठिकाणी यंत्रे चालवणाऱ्या आणि त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या उपकरणांमधील दोष होत. अशा दोषांचा उपयोग करून अनधिकृत व्यक्तीला यंत्रांवर नजर ठेवता येते, त्यांना आज्ञा देता येते, त्यांची माहिती बदलता येते किंवा ती बंद पाडता येतात. हे दोष उपकरणाच्या मूळ रचनेत, त्यातील फर्मवेअरमध्ये, संदेशवहनाच्या प्रोटोकॉलमध्ये किंवा उपकरण बसवण्याच्या व वापरण्याच्या पद्धतीत असू शकतात.

कार्यालयीन संगणकातील त्रुटीमुळे बहुधा माहितीची चोरी किंवा नुकसान होते. औद्योगिक उपकरणातील त्रुटीचा परिणाम मात्र प्रत्यक्ष वस्तूंवर होतो. पंप थांबतो, झडप उघडते, वीजवाहिनी खंडित होते. महाराष्ट्रात १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशात वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर या विषयाकडे सार्वजनिक लक्ष वेधले गेले. ग्रामीण वीजवितरण, सौर कृषिपंप आणि नळ योजना दूरसंवादी उपकरणांना जोडल्या जाऊ लागल्याने हा विषय वाशिमसारख्या मोठे उद्योग नसलेल्या जिल्ह्यांशीही संबंधित झाला आहे.

पार्श्वभूमी

कारखान्यांतील रिलेंच्या गुंतागुंतीच्या जोडणीची जागा घेण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, तयार झाला. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये अशा नियंत्रकांच्या परस्पर संवादासाठी मॉडबस हा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. त्या काळी नियंत्रक, संवेदक आणि यंत्रे एकाच इमारतीत, स्वतंत्र तारांनी जोडलेली असत. तारेपर्यंत पोहोचणारी व्यक्ती ही कारखान्यातीलच असणार, असे गृहीत धरलेले होते. त्यामुळे संदेश कोणी पाठवला हे तपासण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये ठेवली गेली नाही.

१९९० च्या दशकापासून हीच उपकरणे इथरनेट आणि इंटरनेट प्रोटोकॉलवर चालू लागली. स्वतंत्र तारेवर जाणारा संदेश आता सामाईक जाळ्यावरून जाऊ लागला. पुढे त्यात मोबाइल मोडेम, ऑप्टिकल फायबर आणि क्लाउड सेवांची भर पडली. जोडणी बदलली, परंतु उपकरणातील विश्वासाचे गृहीतक बदलले नाही. औद्योगिक जाळ्यांतील अनेक सुरक्षा त्रुटींचे मूळ या विसंगतीत आहे.

उपकरणांचे प्रकार

औद्योगिक जाळ्यात सर्वसाधारणपणे पुढील उपकरणे आढळतात.

• पीएलसी – संवेदकांकडून माहिती घेऊन ठरवलेल्या तर्कानुसार मोटर, झडप, तापक इत्यादी चालू-बंद करणारा नियंत्रक.
• आरटीयू किंवा दूरस्थ टर्मिनल एकक – उपकेंद्र, धरण, पंपगृह अशा दूरच्या ठिकाणची मापने नियंत्रण कक्षाकडे पाठवणारे व तेथील आज्ञा अमलात आणणारे उपकरण.
• संरक्षक रिले – वीजवाहिनीत दोष आढळताच सर्किट ब्रेकर उघडणारे उपकरण. आधुनिक रिले हे जाळ्याला जोडलेले छोटे संगणकच असतात.
• एचएमआय – यंत्रचालकाला यंत्रणेची स्थिती दाखवणारा व आज्ञा देण्यासाठी वापरला जाणारा पडदा.
• औद्योगिक स्विच, राउटर आणि मोबाइल मोडेम – उपकरणांना परस्परांशी व नियंत्रण कक्षाशी जोडणारी साधने.
• सीरियल-इथरनेट परिवर्तक – जुन्या तारेवर चालणाऱ्या उपकरणांना नव्या जाळ्याशी जोडणारी छोटी पेटी.

या सर्वांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेला स्काडा असे म्हणतात. यंत्रे प्रत्यक्ष चालवणाऱ्या तंत्रज्ञानाला ओटी आणि कार्यालयीन संगणकीय तंत्रज्ञानाला आयटी म्हणण्याची प्रथा आहे.

त्रुटींचे स्वरूप

ओळख न तपासणारे प्रोटोकॉल

मॉडबसच्या संदेशात उपकरणाचा पत्ता, कार्य-संकेत, माहिती आणि तपासणी-अंक एवढेच घटक असतात. कार्य-संकेत ३ आल्यास उपकरण आपल्या नोंदी वाचून दाखवते. ५ आल्यास एखादा स्विच चालू किंवा बंद करते. ६ आल्यास एखादे मूल्य बदलते. संदेशाच्या शेवटी असणारा तपासणी-अंक तारेतील विद्युत गोंगाटामुळे संदेश बिघडला आहे का, एवढेच सांगतो. जाणीवपूर्वक तयार केलेल्या खोट्या संदेशाचा तपासणी-अंकही अचूक असू शकतो. इथरनेटवरील मॉडबस सामान्यतः पोर्ट ५०२ वापरतो आणि त्या पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्या कोणाचीही आज्ञा उपकरण स्वीकारते.

वीजक्षेत्रात वापरले जाणारे डीएनपी३ आणि आयईसी ६०८७०-५-१०४ हे प्रोटोकॉलही मूळ स्वरूपात ओळखीची पडताळणी करत नाहीत. त्यांच्या सुरक्षित आवृत्त्या पुढे तयार झाल्या. मॉडबसचीही कूटबद्ध आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि सुरक्षित आवृत्ती वापरण्यासाठी संवादाच्या दोन्ही टोकांची उपकरणे तिला अनुकूल असावी लागतात. त्यामुळे जुन्या यंत्रणांत मूळ आवृत्त्याच चालू राहतात.

या दोषांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत उपकरण बिघडलेले नसते. ते जसे बनवले तसेच वागत असते. फोरस्काउट या संस्थेच्या संशोधकांनी जून २०२२ मध्ये दहा उत्पादकांच्या औद्योगिक उपकरणांतील ५६ त्रुटी जाहीर केल्या. त्यांचा भर प्रोग्रामिंगमधील चुकांपेक्षा रचनेतच सुरक्षिततेचा विचार नसण्यावर होता.

पासवर्डविषयक त्रुटी

काही उपकरणांत उत्पादकाने एकच पासवर्ड कायमचा कोरून ठेवलेला असतो आणि तो ग्राहकाला बदलता येत नाही. काही उपकरणांत तो बदलता येतो, परंतु बसवताना बदलला जात नाही. असे मूळ पासवर्ड उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असल्याने ते गुप्त राहत नाहीत. ठेकेदाराने एकाच योजनेतील शेकडो ठिकाणी एकच पासवर्ड ठेवणे, हीदेखील नेहमी आढळणारी पद्धत आहे.

फर्मवेअरमधील त्रुटी

फर्मवेअर हे उपकरणात कायमस्वरूपी साठवलेले सॉफ्टवेअर होय. नवे फर्मवेअर खरोखर उत्पादकाचेच आहे याची पडताळणी उपकरण करत नसेल, तर त्याजागी बदललेले फर्मवेअर भरता येते. याशिवाय अनेक उत्पादक जाळ्याशी संवाद साधणारा सॉफ्टवेअरचा भाग त्रयस्थ कंपनीकडून घेतात. त्या एका भागातील दोष मग वेगवेगळ्या नावांच्या असंख्य उपकरणांत उतरतो. २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत आढळलेला ११ त्रुटींचा अर्जंट/११ हा संच आणि २०२० मध्ये ट्रेक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आढळलेला १९ त्रुटींचा रिपल२० हा संच ही याची उदाहरणे आहेत. आपल्या उपकरणात हा भाग आहे की नाही, हे ग्राहकाला उपकरणाच्या नावावरून कळू शकत नाही.

व्यवस्थापन सेवांमधील त्रुटी

औद्योगिक स्विच आणि राउटर यांची मांडणी बदलण्यासाठी त्यांत वेबपृष्ठ, टेलनेट, एसएनएमपी इत्यादी सेवा असतात. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड स्वरूपात जातो. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ओळखीसाठी केवळ एक शब्द वापरला जातो आणि तो बऱ्याच उपकरणांत ‘पब्लिक’ असा ठेवलेला असतो. स्विचवर ताबा मिळवणाऱ्याला एका यंत्राऐवजी त्या स्विचमधून जाणारा सर्व संवाद पाहता किंवा थांबवता येतो. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक सॉफ्टवेअरने ५४ देशांतील किमान ५ लाख राउटर व साठवण उपकरणे बाधित केली होती. मॉडबसचे संदेश टिपणारा भागही त्यात होता.

दूरस्थ प्रवेश

यंत्रपुरवठादाराला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून मोबाइल मोडेम किंवा दूरस्थ प्रवेशाचे सॉफ्टवेअर बसवले जाते. अशा मोडेमला सार्वजनिक इंटरनेट पत्ता असेल, तर त्यामागील उपकरण जगात कोठूनही दिसू शकते. इंटरनेटवरील उघडी उपकरणे शोधून त्यांची सूची करणारी शोधयंत्रे उपलब्ध असल्याने, ‘आमची योजना लहान आहे, ती कोणाला माहीत असणार’ हा समज सुरक्षिततेचा आधार ठरू शकत नाही.

दुरुस्तीतील अडचणी

कार्यालयीन संगणकात त्रुटी आढळल्यास अद्ययावत सॉफ्टवेअर भरून तो पुन्हा सुरू केला जातो. औद्योगिक उपकरणाबाबत हे सहज शक्य नसते. नियंत्रक पुन्हा सुरू करणे म्हणजे उत्पादन, पाणीपुरवठा किंवा वीजवाहिनी थांबवणे होय. त्यामुळे दुरुस्ती नियोजित बंदच्या काळापर्यंत पुढे ढकलली जाते. कार्यालयीन संगणक काही वर्षांत बदलले जातात. नियंत्रक व रिले मात्र १५ ते २० वर्षे आणि कधीकधी त्याहून अधिक काळ वापरात राहतात. तोवर उत्पादकाने त्या नमुन्याचे फर्मवेअर देणे बंद केलेले असू शकते.

दोन्ही क्षेत्रांतील प्राधान्यक्रमही भिन्न आहे. माहिती तंत्रज्ञानात गोपनीयतेला अग्रक्रम दिला जातो, तर औद्योगिक नियंत्रणात सुरक्षितपणे अखंड चालू राहण्याला. चुकीचा पासवर्ड तीनदा दिल्यावर प्रवेश बंद करणे हा कार्यालयात चांगला नियम ठरतो. आणीबाणीच्या प्रसंगी यंत्रचालकाला पडद्याबाहेर ठेवणारा तोच नियम अपघाताला कारण ठरू शकतो.

नोंदणी आणि मूल्यमापन

जाहीर झालेल्या त्रुटींना सीव्हीई या नावाने ओळखला जाणारा क्रमांक दिला जातो. ही पद्धत अमेरिकेतील मायटर या संस्थेने १९९९ मध्ये सुरू केली. त्रुटीची तीव्रता सीव्हीएसएस या मापनपद्धतीनुसार ० ते १० या गुणांत मांडली जाते. भारतात सर्ट-इन ही संस्था त्रुटींविषयी सूचना प्रसिद्ध करते आणि २०२१ पासून तिला सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही आहे.

औद्योगिक क्षेत्रात केवळ गुणांवरून निर्णय घेणे अपुरे ठरते. ९.८ गुणांची त्रुटी असलेला, परंतु कोणत्याही बाहेरील जाळ्याशी न जोडलेला नियंत्रक तुलनेने सुरक्षित असू शकतो. उलट, कोणतीही सीव्हीई नोंद नसलेला, पण मूळ पासवर्डसह थेट इंटरनेटवर असलेला नियंत्रक अधिक धोक्यात असतो.

जगातील प्रमुख घटना

स्टक्सनेट (२०१०) – बेलारूसमधील एका सुरक्षा कंपनीने जून २०१० मध्ये शोधलेल्या या घातक सॉफ्टवेअरने इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरण प्रकल्पाच्या नियंत्रकांना लक्ष्य केले. त्याने विंडोजमधील तोवर अज्ञात असलेल्या चार त्रुटी आणि नियंत्रण सॉफ्टवेअरमधील कोरून ठेवलेला पासवर्ड वापरला. चालकाच्या पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसत असताना सेंट्रिफ्यूजची गती बदलली जात होती. बाधित संगणकांच्या संख्येत इराण व इंडोनेशिया यांच्यानंतर भारताचा क्रमांक होता.

युक्रेन (२०१५ व २०१६) – २३ डिसेंबर २०१५ रोजी तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत शिरून हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील ब्रेकर उघडले. सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. त्यानंतर त्यांनी उपकेंद्रांतील सीरियल-इथरनेट परिवर्तकांचे फर्मवेअर पुसून टाकले. त्यामुळे नियंत्रण कक्षातून ब्रेकर पुन्हा बंद करता येईनात. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर बंद केले आणि काही तासांत पुरवठा सुरू झाला. १७ डिसेंबर २०१६ रोजी कीव्ह शहराच्या काही भागाची वीज सुमारे एक तास गेली. या हल्ल्यातील इंडस्ट्रॉयर हे सॉफ्टवेअर उपकेंद्रांच्या प्रोटोकॉलमध्ये थेट आज्ञा देत असे.

ट्रायटन (२०१७) – सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात अपघात टाळण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा नियंत्रकावरच हल्ला झाला. नियंत्रकावरील किल्ली प्रोग्रामिंगच्या स्थितीत ठेवलेली असल्याने त्यातील तर्क दुरून बदलण्याचा प्रयत्न शक्य झाला.

अ‍ॅलिक्विपा (२०२३) – २५ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अ‍ॅलिक्विपा या लहान गावाच्या पाणीपुरवठा संस्थेचा एक नियंत्रक हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. इंटरनेटवर उघड्या असलेल्या त्या प्रकारच्या नियंत्रकांचा मूळ पासवर्ड ‘११११’ असा होता. कर्मचाऱ्यांनी केंद्र हाताने चालवून पुरवठा चालू ठेवला. औद्योगिक उपकरणांवरील हल्ल्यासाठी लक्ष्य मोठे असावेच लागत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

भारतातील घटना

जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचा फटका रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खासगी टर्मिनललाही बसला आणि तेथील कंटेनर हाताळणी विस्कळीत झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय अणुऊर्जा महामंडळाने कुडनकुलम प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक सॉफ्टवेअर आढळल्याचे मान्य केले. अणुभट्टीच्या नियंत्रणाचे जाळे या जाळ्यापासून वेगळे असल्याने त्यावर परिणाम झाला नाही, असे महामंडळाने स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटा पॉवर या मुंबईस्थित कंपनीने आपल्या माहिती तंत्रज्ञान यंत्रणेवर हल्ला झाल्याचे शेअर बाजारांना कळवले. महत्त्वाच्या परिचालन यंत्रणा चालू असल्याचेही तिने नमूद केले.

रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये उत्तर भारतातील, लडाख सीमेच्या जवळच्या, किमान सात राज्य भारप्रेषण केंद्रांना लक्ष्य केले गेल्याचा अहवाल दिला. या मोहिमेत इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि त्यांचे चित्रमुद्रक यांवर ताबा मिळवून त्यांच्याआडून आज्ञा दिल्या जात होत्या, असे अहवालात म्हटले होते. एखाद्या दुर्लक्षित उपकरणाची त्रुटी तिसऱ्याच ठिकाणच्या हल्ल्यासाठी वापरली जाऊ शकते, हे यातून दिसते.

मुंबईतील वीजखंड (१२ ऑक्टोबर २०२०)

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि परिसरातील वीजपुरवठा खंडित झाला. कळवा, पडघे व खारघर या भागांतील ४०० किलोव्होल्ट वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. संकटसमयी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून वेगळे करून वीज चालू ठेवणारी आयलंडिंग व्यवस्था अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही. उपनगरी रेल्वेगाड्या जागीच थांबल्या, तर कोविड-१९ च्या साथीच्या काळात रुग्णालयांना जनित्रांवर अवलंबून राहावे लागले. अत्यावश्यक सेवांचा पुरवठा सुमारे दोन तासांत टप्प्याटप्प्याने सुरू झाला. काही भागांत त्याला अधिक वेळ लागला.

रेकॉर्डेड फ्यूचरने २८ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतीय वीजक्षेत्रातील दहा संस्था आणि दोन बंदरे रेडएको या चीनशी संबंधित गटाने लक्ष्य केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. देशातील पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांचा त्यात समावेश होता. मुंबईतील वीजखंडाशी या कारवायांचा संबंध सिद्ध झाला नसल्याचे त्या अहवालातच नमूद होते. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाची माहिती दिली. राज्याच्या वीजयंत्रणेत १४ ट्रोजन हॉर्स शिरवले गेले असण्याची आणि सुमारे ८ जीबी हिशेबाबाहेरची माहिती बाहेरून आत आली असण्याची शक्यता त्यात व्यक्त केली होती. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीजखंडामागे मानवी चूक असल्याचे आणि सायबर हल्ल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानुसार, भारप्रेषण केंद्रांतील शॅडोपॅड या घातक सॉफ्टवेअरविषयी सर्ट-इनने १९ नोव्हेंबर २०२० रोजी आणि रेडएकोविषयी एनसीआयआयपीसीने १२ फेब्रुवारी २०२१ रोजी सूचना दिली होती आणि त्यानुसार कार्यवाही झाली होती.

एकाच घटनेविषयी राज्य आणि केंद्र यांच्याकडून अशी भिन्न विधाने झाली. यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर आढळणे आणि त्याच सॉफ्टवेअरने वीज खंडित करणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत; पहिली सिद्ध झाल्याने दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. हा दुवा जोडण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी प्रत्येक रिले, आरटीयू व स्विचमध्ये कोणती आज्ञा, कोठून आणि केव्हा आली याची अचूक वेळेसह नोंद लागते. अनेक जुनी उपकरणे अशी नोंद ठेवत नाहीत किंवा थोड्याच काळापुरती ठेवतात. त्यामुळे नोंदींचा अभाव हीसुद्धा या उपकरणांची एक महत्त्वाची सुरक्षा त्रुटी मानली जाते.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०१८ पासून हा जिल्हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा या पिकांवर अवलंबून असून मोठे उद्योग मोजकेच आहेत. त्यामुळे येथे औद्योगिक जाळ्यांचा प्रश्न कारखान्यांपेक्षा वीज, पाणी आणि सिंचन या सेवांतून अधिक प्रत्यक्षपणे उपस्थित होतो.

वीज

जिल्ह्यातील वीजवितरण महावितरणच्या अकोला परिमंडळाच्या अखत्यारीत येते. राज्यातील पारेषण उपकेंद्रांतील मापने आरटीयू व तत्सम उपकरणांद्वारे भारप्रेषण केंद्रांकडे जातात. राज्य भारप्रेषण केंद्र नवी मुंबईतील ऐरोली येथे, तर विदर्भासाठीचे क्षेत्रीय केंद्र नागपूरच्या अंबाझरी येथे आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत ग्राहकांबरोबरच फीडर आणि रोहित्रांवरही दूरसंवादी मीटर बसवण्याचा समावेश आहे. एका मीटरमधील त्रुटीचा परिणाम एका घरापुरता मर्यादित असतो. परंतु एकाच नमुन्याची व एकाच व्यवस्थेला जोडलेली हजारो उपकरणे बसवली जातात, तेव्हा एक त्रुटी त्या सर्वांत असते.

सौर कृषिपंप आणि सौर प्रकल्प

पीएम-कुसुम योजनेतील सौर कृषिपंपांच्या नियंत्रकात मोबाइल जाळ्यावर चालणारी दूरस्थ देखरेख यंत्रणा असते. पंप किती तास चालला, किती वीज निर्माण झाली ही माहिती त्यातून मध्यवर्ती संगणकाकडे जाते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांच्या जवळ उभारल्या जाणाऱ्या सौर प्रकल्पांतील इन्व्हर्टरही अशाच प्रकारे जोडलेले असतात. मार्च २०२५ मध्ये संशोधकांनी तीन प्रमुख उत्पादकांच्या सौर यंत्रणांतील ४६ नव्या त्रुटी जाहीर केल्या. त्यांतील काही त्रुटी इन्व्हर्टरपेक्षा ते ज्याला जोडलेले असतात त्या क्लाउड सेवेत होत्या. रब्बी हंगामात हरभरा किंवा गव्हाच्या ओलिताची पाळी ठरावीक दिवसांत द्यावी लागते. त्या काळात नियंत्रक बंद पडल्यास, कारण बिघाड असो वा हल्ला, शेतकऱ्याचे नुकसान सारखेच होते.

पाणीपुरवठा

वाशिम शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणीपुरवठा होतो. जलस्रोत, जलशुद्धीकरण केंद्र आणि उंच टाक्या यांच्यातील पंप व झडपा हाताने किंवा स्वयंचलित नियंत्रकाने चालवता येतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण नळ योजनांवर संवेदकांद्वारे देखरेख ठेवण्याची संकल्पना मांडलेली आहे. अ‍ॅलिक्विपाचे उदाहरण अशा लहान योजनांना विशेष लागू पडते. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांच्याकडे स्वतंत्र संगणक सुरक्षा अधिकारी नसतो. उपकरणाची मांडणी ठेकेदाराने केलेली असते आणि देखभालीची मुदत संपल्यावर पासवर्ड कोणाकडे आहे हेही अनिश्चित होऊ शकते. अशा वेळी पंप हाताने चालवण्याचे ज्ञान असलेला पंपचालक किंवा जलसुरक्षक हा सुरक्षा व्यवस्थेचाच भाग ठरतो.

कायदे व नियामक व्यवस्था

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७० नुसार शासन महत्त्वाच्या संगणकीय साधनांना ‘संरक्षित प्रणाली’ घोषित करू शकते. तीत अनधिकृत प्रवेश केल्यास १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलम ७०-अ अन्वये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत सुविधा संरक्षण केंद्र, म्हणजे एनसीआयआयपीसी, १६ जानेवारी २०१४ रोजी अधिसूचित झाले. कलम ७०-ब अन्वये सर्ट-इन ही घटना-प्रतिसादाची राष्ट्रीय संस्था आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २ जुलै २०२० रोजी वीजक्षेत्रासाठी आयात केलेल्या उपकरणांची घातक सॉफ्टवेअरसाठी तपासणी करण्याचा आदेश काढला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. परिचालन यंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवणे, सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक आणि विश्वासार्ह स्रोतांकडून खरेदी या बाबींवर त्यांत भर आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, यंत्रणांतील नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणे बंधनकारक आहे. कळवण्याच्या घटनांच्या यादीत स्काडा व परिचालन तंत्रज्ञानावरील हल्ल्यांचा समावेश आहे. औद्योगिक नियंत्रण यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६२४४३ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका वापरली जाते.

प्रतिबंधक उपाय

उपकरणातील दोष लगेच दूर करता येत नसल्याने उपकरणापर्यंत कोण पोहोचू शकतो हे मर्यादित करण्यावर मुख्य भर दिला जातो. सर्वसाधारणपणे पुढील उपाय सुचवले जातात.

• उपकरणांची यादी: कोणते उपकरण, कोठे, कोणत्या फर्मवेअरसह बसवले आहे याची नोंद ठेवणे. यादी नसल्यास नवी त्रुटी जाहीर झाल्यावर ती आपल्याला लागू आहे की नाही हे ठरवता येत नाही.
• जाळ्याचे विभाजन: कार्यालयीन आणि नियंत्रणाचे जाळे वेगळे ठेवून त्यांच्यामध्ये फायरवॉल बसवणे आणि आवश्यक तेवढाच संवाद जाऊ देणे.
• इंटरनेटपासून अंतर: नियंत्रकाला सार्वजनिक पत्ता न देणे, मोबाइल मोडेमसाठी खासगी जोडणी वापरणे, दूरस्थ प्रवेश दुहेरी पडताळणीसह आणि कामापुरताच खुला ठेवणे.
• पासवर्ड: मूळ पासवर्ड बसवतानाच बदलणे, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवणे आणि कंत्राट संपताना तो ठेकेदाराकडून लेखी ताब्यात घेऊन पुन्हा बदलणे.
• अनावश्यक सेवा बंद करणे: टेलनेट, जुने एसएनएमपी, न लागणारे पोर्ट आणि वेबपृष्ठे बंद ठेवणे.
• किल्लीची स्थिती: ज्या नियंत्रकांवर किल्ली असते त्यांची किल्ली काम संपताच प्रोग्रामिंगच्या स्थितीतून काढणे.
• नोंदी व प्रती: आज्ञा आणि प्रवेशांच्या नोंदी वेगळ्या संगणकावर जपणे, नियंत्रकातील प्रोग्रामची प्रत जाळ्याबाहेर ठेवणे.
• हाताने चालवण्याचा सराव: स्वयंचलन बंद पडल्यास पंप, झडप किंवा ब्रेकर हाताने चालवण्याची सोय कायम ठेवणे आणि तिचा ठरावीक काळाने सराव करणे.

खरेदीच्या टप्प्यावर निविदेतच फर्मवेअर किती वर्षे मिळेल, त्रुटी आढळल्यास कोण व किती दिवसांत कळवेल आणि पासवर्ड कोणाच्या ताब्यात राहील या अटी घालणे, हा लहान संस्थांसाठी कमी खर्चाचा व परिणामकारक उपाय मानला जातो.

हेही पाहा

• स्काडा
• स्टक्सनेट
• सर्ट-इन
• महावितरण
• माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
• वाशिम जिल्हा